एका अक्षराचे मोल : धार व देवास येथील तांब्याची नाणी

देवास संस्थानचा 1888 सालचा तांब्याचा पाव आणा दोन प्रकारचा आढळतो. दोन्ही नाणी आकाराने, वजनाने आणि धातूने एकच. दोहोंवर एका बाजूस मुकुटधारी व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा आहे आणि दोहोंवर सालही तेच आहे. भेद आहे तो संस्थानाच्या नावापुढे आलेल्या संक्षिप्त अक्षरांत. एकावर इंग्रजी 'एस. बी.' तर दुसऱ्यावर 'जे. बी.', म्हणजे अनुक्रमे थोरली पाती आणि धाकटी पाती. यांतील 'बी' दोहोंस समान. तेव्हा एका दरबाराचे नाणे दुसऱ्याच्या नाण्यापासून वेगळे काढण्यास उरते ते केवळ एक अक्षर. ते अक्षर घासले गेले अथवा गंजाने खाल्ले, की हाती राहतो तो देवासचा एक पाव आणा. तो कोणत्या देवासचा, हे सांगणारा दुसरा साक्षीदार त्या नाण्यावर नाही.

नाण्यांची पारख, त्यांची प्रतवारी आणि त्यांचे जतन हा विषय आपल्याकडे बहुधा हौशी संग्राहकांचा व सराफांचा मानला जातो. इतिहासाचे अध्यापक त्याकडे काहीशा दुरूनच पाहतात. धार आणि देवास येथील नाण्यांच्या निमित्ताने आम्हांस असे दाखवावयाचे आहे की, हा दुरावा इतिहासास महाग पडणारा आहे. आणि त्याचबरोबर हेही की, संग्राहकांची प्रतवारी जशीच्या तशी उचलून इतिहासाचे काम भागणार नाही.

माळव्यात पवारांचा जम बसला तो पहिल्या बाजीरावाच्या काळात. 29 नोव्हेंबर 1728 रोजी अमझेऱ्याजवळ चिमाजीअप्पांनी मोगल सुभेदार गिरधरबहादुराचा पराभव केला आणि माळव्याचे दार मराठ्यांना मोकळे झाले. धार पवारांच्या एका शाखेकडे आले. तुकोजी आणि जिवाजी या बंधूंनी देवास घेतले व त्यांच्या वंशांत ते विभागून राहिले. एकाच गावात दोन राजवाडे, दोन दरबार, दोन कारभार अशी ही विलक्षण व्यवस्था 1948 साली संस्थाने मध्यभारतात विलीन होईपर्यंत चालली. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते. या दुहेरी संस्थानाचे त्यांना वाटलेले नवल त्यांच्या 1953 सालच्या पुस्तकात उतरले आहे. परक्यास ते नवल वाटावे यात काही वावगे नाही. आमच्या वतनदारीच्या परंपरेत मात्र भावाभावांतील वाटणी पातीपर्यंत जाणे नित्याचेच होते. एवढेच की येथे वाटणी नाण्यावरही उमटली.

त्या काळी माळव्याच्या बाजारात नाण्यांची कमतरता नव्हती, गोंधळ मात्र भरपूर होता. उज्जैनचा व इंदूरचा रुपया आणि आसपासच्या टाकसाळींचे पैसे एकाच पेठेत फिरत. मराठी राज्यांच्या रुपयांवर नाव बहुधा शाहआलम बादशहाचे असे, सत्ता दुसऱ्याची असे आणि भाव ठरवी तो सराफ. नाणे हातोड्याने पाडले जाई; ठसा मोठा व चकती लहान, त्यामुळे मजकुराचा एखादाच तुकडा नाण्यावर येई. अशा स्थितीत नाण्याची प्रत ठरविणे हे दरबारचे नित्य काम होते आणि त्यासाठी पोतदार हा स्वतंत्र अधिकारी असे. तो नाणे वाजवून, तोलून, कस पाहून घेई आणि झिजलेल्या किंवा परमुलखी नाण्यावर बट्टा आकारी. आपल्याकडील कित्येक पोतदार कुटुंबांचे आडनाव या कामावरूनच आलेले आहे. पोतदाराची प्रतवारी सरळ होती. नाण्यात चांदी अथवा तांबे किती उरले आणि ते उद्या घेणाऱ्यास चालेल काय, एवढेच तो पाही. अक्षरांच्या सौंदर्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

हा गोंधळ इंग्रज सरकारच्या डोळ्यांत सलत होता. 1876 च्या नवव्या कायद्याने संस्थानांपुढे एक सौदा ठेवण्यात आला. संस्थानाने आपला धातू सरकारी टाकसाळीत द्यावा. तेथे सरकारी नाण्यांच्याच वजनाचे व कसाचे नाणे संस्थानच्या नावाने पाडून मिळेल व ते इंग्रजी मुलखातही कायदेशीर चलन म्हणून चालेल. मोबदल्यात संस्थानाने तीस वर्षेपर्यंत आपली टाकसाळ बंद ठेवावी. बहुतेक दरबारांनी या सौद्याकडे पाठ फिरविली, कारण टाकसाळ म्हणजे उत्पन्न आणि त्याहून अधिक म्हणजे इभ्रत. अलवारने 1877 साली तो प्रथम पत्करला. पुढे धारने 1887 साली आणि देवासच्या दोन्ही पातींनी 1888 साली कलकत्त्याच्या टाकसाळीतून तांब्याची नाणी पाडून घेतली. त्या वेळी धारेस तिसरे आनंदराव, देवासच्या थोरल्या पातीवर दुसरे कृष्णाजीराव आणि धाकटीवर नारायणराव हे होते. यांपैकी कोणाचेही नाव नाण्यावर नाही. 1857 च्या बंडानंतर धार संस्थान जप्त झाले होते आणि बेरसिया परगणा वगळून 1860 साली ते परत मिळाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे धारच्या दरबारास या सौद्यात फारशी घासाघीस करण्यास जागा का नव्हती, याचा अंदाज करता येतो.

धारने पाव आणा, अर्धा पैसा आणि पै अशी तीन नाणी काढली. देवासच्या प्रत्येक पातीने पाव आणा आणि पै अशी दोन. पाव आण्याचे वजन शंभर ग्रेन, म्हणजे सुमारे 6.48 ग्रॅम, पै त्याच्या एकतृतीयांश, सुमारे 2.16 ग्रॅम. सरकारी पैशात कथील मिसळून ब्राँझ करण्याची पद्धत 1906 मध्ये आली. त्यापूर्वीची ही नाणी तांब्याची आहेत. तांबे मऊ असल्याने ती लवकर झिजतात, आणि हवेशी व हाताच्या घामाशी त्यांचे फार लवकर जुळते.

आता प्रतवारीकडे वळू. आज जगभर नाण्यांस एक ते सत्तर असे गुण देण्याची जी रीत रूढ आहे, ती 1949 साली विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने मांडली; आणि लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, ती त्याने आपल्या देशाच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठीच मांडली होती. सर्व धातूंस व सर्व देशांच्या नाण्यांस ती लावण्याचा प्रघात नंतरचा. तिच्या मुळाशी बाजारभावाची कल्पना होती. सत्तर गुणांचे नाणे एक गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचे, असा तो हिशेब. हा हिशेब बाजाराने केव्हाच मोडीत काढला आहे, गुण मात्र राहिले आहेत. धार-देवासच्या नाण्यांस ही रीत लावताना प्रथम पाहावयाचा तो राणीचा मुखवटा. गाल, कानावरील केस आणि मुकुट हे उंच भाग. झीज तेथून सुरू होते. केसांच्या बटा सुट्या दिसत असतील तर नाणे फार फिरलेले नाही. मुकुट व केस एकजीव झाले असतील तर ते अनेक हातांतून गेलेले आहे. मग क्षेत्रावरील ओरखडे, कडेवरील ठोके आणि शेवटी रंग पाहावयाचा. मूळचा ताम्रवर्ण, अर्धवट उतरलेला वर्ण आणि पूर्ण तपकिरी असे तांब्याचे तीन वर्ग बाजार करतो व पहिल्यास सर्वांत अधिक दाम देतो.

येथे आमचा मतभेद आहे. ताम्रवर्ण टिकलेले नाणे ठशाचा उत्तम पुरावा होय, हे निर्विवाद. ठसा कसा खोदला होता, अक्षरांची ठेवण कशी होती, हे त्याच्यावरूनच समजते. पण असे नाणे बहुधा फिरलेलेच नसते. नवीन नाणे देवासच्या पेठेत चालले काय, किती वर्षे चालले, शेतकऱ्याच्या कनवटीस लागले काय, हे सांगते ते मुकुट पुसट झालेले, तपकिरी, बाजारात ज्यास कोणी विचारीत नाही असे नाणे. एका ठिकाणी मिळालेली अशी दहा झिजकी नाणी तोलून पाहावीत. शंभर ग्रेनांतून किती ग्रेन गेले त्यावरून त्यांच्या फिरण्याचा अंदाज बांधता येतो. एक लखलखीत नाणे हे सांगू शकत नाही. या बाबतीत जुना पोतदार आम्हांस शेल्डनपेक्षा जवळचा वाटतो. निदान तो तराजू बाळगून होता. उलट बाजूने हेही कबूल केले पाहिजे की, वजन, व्यास आणि अवस्था यांची नोंद केल्यावाचून नाण्याविषयी बोलावयाचे नाही ही शिस्त संग्राहकांनी पाळली, तशी आमच्या इतिहासलेखकांनी नेहमी पाळलेली नाही. 'एक जुना पैसा सापडला' एवढ्यावर आमच्याकडे किती प्रकरणे मिटली असतील!

झिजेपेक्षा मोठा शत्रू आमच्या घरांतच आहे. मराठी घरात तांब्याचे नाणे देवघरात असते, कलशात सुपारीबरोबर पडते, हळदकुंकवाच्या पाण्यात राहते आणि सणाच्या आदल्या दिवशी ताम्हन-पळीबरोबर चिंचेने घासले जाते. यामागील भाव आम्हांस पूज्य आहे. परंतु चिंचेचे आणि लिंबाचे आम्ल तांब्यावरील तपकिरी थर विरघळविते, आणि तो थर म्हणजे मळ नव्हे. हवेशी झालेल्या संयोगातून बनलेले ते धातूचे संरक्षक कवच होय. ते गेले की खालचे तांबे गुलाबी, निर्जीव दिसते आणि पुन्हा नव्याने गंजू लागते. राखेने अथवा रांगोळीने घासल्यास अक्षरांच्या कडाच जातात. झिजताना नाण्याची उंच कड आतील अक्षरांस आडोसा देते. घासणारे बोट असा आडोसा मानीत नाही. दहा-वीस दिवाळ्यांनंतर 'एस' की 'जे' हा प्रश्न सुटण्याच्या पलीकडे जातो.

हिरवा रंगही सगळा एक नसतो. घट्ट, गुळगुळीत, गर्द हिरवा थर बहुधा निरुपद्रवी असतो व त्यास हात लावू नये. फिकट हिरवी, भुकटीसारखी, नखाने सुटणारी पूड मात्र रोगाचे लक्षण आहे. मिठातील क्लोराइड तांब्याशी मिळून जो क्षार बनतो तो दमट हवेत धातू खात राहतो आणि नाण्यावर खड्डे पाडतो. माळव्याच्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षे शांत राहिलेला हा क्षार मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात जागा होतो. म्हणून तिकडून आणलेली नाणी पहिल्या दोन पावसाळ्यांत वारंवार पाहावीत. असे नाणे प्रथम इतरांपासून वेगळे करावे, ऊर्ध्वपातित पाण्यात पाणी बदलत भिजवावे, पूर्ण वाळवावे आणि पुढील उपचार जाणत्यावर सोपवावा. वस्तुसंग्रहालयांतून 1967 पासून यासाठी बेंझोट्रायझोल हे द्रव्य वापरतात, पण ते घरगुती प्रयोगाचे नव्हे. निरोगी नाण्यास एवढेच पुरे : बोटांनी फक्त कड धरावी, आम्लरहित कागदाच्या पाकिटात ते ठेवावे, डबीत आर्द्रता शोषणारे सिलिका जेल असावे. बाजारात मिळणारी मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटे टाळावीत. त्यांतील पीव्हीसी कालांतराने आम्ल सोडते आणि नाण्यावर हिरवा चिकट थर येतो.

जतनाचा दुसरा अर्धा भाग कागदावरचा आहे. नाणे कोठून आले हे एकदा विसरले की पुन्हा समजत नाही. धारच्या एखाद्या वाड्यातील हंड्यात मांडूच्या सुलतानांचे चौकोनी नाणे आणि 1887 चा पाव आणा एकत्र निघाले, तर ती दोन नाणी दोन संग्राहकांस विकण्यापूर्वी त्यांचे एकत्र असणे लिहून ठेवले पाहिजे; बाजारभाव न देणारी पण इतिहासाला हवी असलेली गोष्ट तीच. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस देण्याचे बंधन 1878 च्या कायद्याने घातलेले आहे, आणि शंभर वर्षांहून जुनी नाणी 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात, त्यामुळे ती परवान्यावाचून देशाबाहेर नेता येत नाहीत. शाळेच्या कपाटात विद्यार्थ्यांनी आणून दिलेली नाणी असतील, तर शिक्षकाने प्रत्येकासाठी एक चिठ्ठी करावी : वजन, व्यास, दिसणारी अक्षरे, न दिसणारी अक्षरे, कोणाच्या घरून आले, आणि पूर्वी घासले होते काय. शेवटचा प्रश्न आवर्जून विचारावा. न दिसणाऱ्या अक्षराच्या जागी अंदाजाने 'थोरली पाती' असे लिहू नये. जागा कोरी ठेवावी.

1944 साली थोरल्या पातीने विक्रमसिंहराव महाराजांच्या नावाचा पैसा काढला. 1888 मध्ये राजाचे नाव नाण्यावर नव्हते, ते आता आले. पण चारच वर्षांत संस्थान उरले नाही आणि महाराज स्वतः 1947 साली दत्तक जाऊन कोल्हापूरच्या गादीवर शहाजी छत्रपती झाले होते. हा पैसा सहसा पाहावयास मिळत नाही. कोणाच्या देवघरात तो असल्यास चिंच लावण्यापूर्वी त्याचे वजन करून ठेवावे.