हृदयविकाराच्या झटक्यानंतर : मृत स्नायू आणि निद्रिस्त स्नायू

हृदयविकाराच्या झटक्यात रक्त तुटलेला सगळाच स्नायू मरत नाही. काही भागाचा व्रण बनतो. काही भाग अपुऱ्या रक्तावर जिवंत, पण निश्चल राहतो. इको तपासणीत दोन्ही सारखेच मंद दिसतात. बायपास वा अँजिओप्लास्टीने सावरण्याची आशा मात्र दुसऱ्याचीच असते.

हा भेद अणुवैद्यकीय चित्रणात उघड होतो. टेक्नेशियम-९९एम जोडलेले औषध शिरेतून देतात. जिवंत पेशी ते शोषतात आणि गॅमा कॅमेरा त्यातून निघणारे किरण टिपतो. विश्रांती व श्रम, दोन्ही चित्रांत रिकामी जागा दिसली तर ती बहुधा व्रणाची. केवळ श्रमाच्या चित्रात दिसली तर स्नायू जिवंत, पण रक्त कमी पडते. शंका उरल्यास ग्लुकोजयुक्त पेट स्कॅन करतात. हृदयाचा डावा कप्पा किती रक्त बाहेर टाकतो, हेही मोजता येते. काही महिन्यांनी पुन्हा मोजल्यास सुधारणा कळते.

टेक्नेशियमचे अर्धायुष्य ६ तासांचे. २४ तासांत त्याचा सोळावा हिस्साच उरतो, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही. साहजिकच ही सोय मोठ्या शहरांत एकवटली आहे. बीदर जिल्ह्यातील भालकीच्या रुग्णाला त्यासाठी हैदराबादसारखे शहर गाठावे लागते. तो प्रवास वाया जाऊ नये म्हणून आदल्या दिवसापासून चहा-कॉफी टाळावी (सीमाभागात हेच पथ्य सर्वांत कठीण!), औषधाने हृदयावर ताण द्यायचा असल्यास कॅफीन त्याचा परिणाम पुसते. नेहमीच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज बंद करू नयेत. गर्भवती वा स्तनदा स्त्रियांनी तसे आधीच सांगावे.