पडदारक्षक, संगणकीय

संगणक चालू असून काही काळ त्याचा वापर झाला नाही, तर पडद्यावरील मजकूर झाकून त्याच्या जागी कोरा पडदा किंवा हलते चित्र दाखविणाऱ्या आज्ञावलीस पडदारक्षक म्हणतात. ‘स्क्रीनसेव्हर’ हे तिचे इंग्रजी नाव मराठीतही रूढ आहे. पडद्याची झीज टाळणे हा तिचा मूळ हेतू होय. करमणूक आणि मजकुराची गुप्तता हे हेतू पुढे त्यात मिळाले. आज्ञावली किती वेळाने सुरू व्हावी, कोणते चित्र कोणत्या गतीने दाखवावे, पडद्यास कुलूप लावावे किंवा नाही, हे ठरविण्याच्या रीती कालांतराने बदलत गेल्या. त्यांचा इतिहास येथे मुख्यतः युनिक्स व तत्सम प्रणालींवरील ‘एक्सस्क्रीनसेव्हर’ या आज्ञावलीच्या संदर्भात दिला आहे.

प्रारंभ : ऋण किरण नलिकेच्या पडद्यास आतून फॉस्फर द्रव्याचा लेप असतो. इलेक्ट्रॉन शलाका आदळली म्हणजे हा लेप प्रकाशतो. एकच अक्षर एकाच जागी दीर्घकाळ राहिल्यास तेथील लेप लवकर क्षीण होतो व त्या अक्षराची पुसट छाया पडद्यावर कायमची उमटते. अटारी कंपनीच्या १९७९ मधील ४०० व ८०० या घरगुती संगणकांत काही मिनिटे कळ दाबली गेली नाही, तर पडद्यावरील रंग आपोआप बदलत राहत. आयबीएम पीसी या संगणकासाठी जॉन सोचा यांनी लिहिलेली ‘स्क्रनसेव्ह’ ही छोटी आज्ञावली डिसेंबर १९८३ मध्ये सॉफ्टटॉक या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीन मिनिटे संगणक वापरात नसला, की ती पडदा काळा करी. हा अवधी बदलावयाचा झाल्यास मूळ आज्ञावलीतील आकडा बदलून तिचे यंत्रभाषेत पुन्हा रूपांतर करावे लागे. नियंत्रण अशा रीतीने आज्ञावलीकाराच्याच हाती होते.

बर्कली सिस्टिम्स या कंपनीच्या १९८९ मधील ‘आफ्टर डार्क’ या संचाने मॅकिंटॉश संगणकावर हलत्या चित्रांची आवड रुजविली. त्यातील पंख असलेले उडते टोस्टर विशेष लोकप्रिय झाले. यात चित्राची निवड माउसने करता येई. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीत पडदारक्षक ही एक सामान्य आज्ञावलीच असते. तिच्या नावापुढे तिरपी रेघ व ‘एस’ हे अक्षर लिहिल्यास चित्र सुरू होते, तर ‘सी’ हे अक्षर लिहिल्यास मांडणीची चौकट उघडते. म्हणजे चित्रमय खिडकीच्या मागेही अखेर एक लेखी आज्ञाच काम करीत असते.

एक्सस्क्रीनसेव्हर : मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८४ मध्ये सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये निघाली. पडदा कोरा करण्याची सोय या प्रणालीतच होती; ‘एक्ससेट एस ६००’ अशी आज्ञा टंकलिखित केली, की ६०० सेकंदांचा अवधी ठरे. पडद्यास कुलूप लावण्यासाठी सन मायक्रोसिस्टिम्समधील पॅट्रिक नॉटन यांनी ‘एक्सलॉक’ ही आज्ञावली लिहिली. १९९२ मध्ये जेमी झविन्स्की यांनी एक्सस्क्रीनसेव्हर प्रसिद्ध केली.

हिच्या रचनेत कामाची विभागणी आहे. एक मुख्य आज्ञावली पार्श्वभूमीवर सतत चालू राहून कळफलक व माउस यांच्या हालचालींवर लक्ष ठेवते. प्रत्येक हलते चित्र ही मात्र स्वतंत्र आज्ञावली असते. मुख्य आज्ञावली पडदा झाकते आणि झाकणाऱ्या खिडकीत चित्र काढण्याचे काम या स्वतंत्र आज्ञावलीकडे सोपविते. अशी चित्रे आता दोनशेहून अधिक आहेत. चित्राचे नाव व त्यापुढे पर्याय लिहून त्याचे स्वरूप ठरविले जाते. उदा., ‘-डिले २००००’ असे लिहिल्यास दोन चित्रचौकटींमध्ये २०,००० मायक्रोसेकंदांचा म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा विराम मिळतो. ‘ॲटलांटिस’ या सागरी दृश्यात ‘-काउंट’ पुढील आकड्याने शार्क माशांची संख्या ठरते. चित्र आधी साध्या खिडकीत चालवून पाहता येते व ते मनाजोगते झाले, की तीच ओळ वापरकर्त्याच्या ‘.एक्सस्क्रीनसेव्हर’ या मांडणी-धारिकेत उतरविता येते. ओळीच्या आरंभी आडवी रेघ दिल्यास ते चित्र वगळले जाते. प्रतीक्षेचा अवधी, चित्रे बदलण्याचा अवधी व कुलूप यांच्या नोंदीही याच धारिकेत साध्या अक्षरांत असतात. ती बदलल्याचे मुख्य आज्ञावलीच्या आपोआप लक्षात येते. ‘एक्सस्क्रीनसेव्हर-कमांड’ या साहाय्यक आज्ञावलीस ‘-ॲक्टिव्हेट’, ‘-नेक्स्ट’ किंवा ‘-लॉक’ हे शब्द जोडून चित्र तत्काळ सुरू करणे, पुढील चित्र आणणे व कुलूप लावणे ही कामे करता येतात. मांडणीसाठी चित्रमय खिडकीही आहे. परंतु तिच्यातील सरकपट्ट्या हलविल्याने याच आज्ञा-ओळी तयार होऊन त्याच धारिकेत लिहिल्या जातात.

सुरक्षिततेचा प्रश्न : या विभागणीचे महत्त्व कुलपाच्या संदर्भात स्पष्ट होते. एक्स विंडो प्रणालीत कुलूप लावणारी आज्ञावली इतर आज्ञावल्यांसारखीच सामान्य असते. ती कोसळली, तर तिची खिडकी नाहीशी होते, कळफलक मोकळा होतो आणि समोर असेल त्याच्या हाती संगणक खुला पडतो. चित्र स्वतंत्र असल्यामुळे ते कोसळले तरी पडदा केवळ काळा राहतो, कुलूप अबाधित असते. याच कारणास्तव परवलीचा शब्द विचारणाऱ्या चौकटीसाठी मोठे व गुंतागुंतीचे आज्ञावली-संच वापरू नयेत, असे झविन्स्की यांनी आग्रहाने मांडले. जानेवारी २०२१ मध्ये लिनक्स मिंट प्रणालीच्या सिनॅमन या कार्यपटलावरील कुलपात असा दोष उघड झाला. एका वापरकर्त्याच्या मुलांनी खेळता खेळता खरा कळफलक व पडद्यावरील कळफलक यांच्या कळा वाटेल तशा दाबल्या असता कुलूप कोसळून संगणक खुला झाला. दोष पडद्यावरील कळफलकाच्या घटकात होता व तो लवकरच दूर करण्यात आला. त्याच वर्षी एक्सस्क्रीनसेव्हरच्या सहाव्या आवृत्तीत लक्ष ठेवणे, चित्र दाखविणे व परवलीचा शब्द तपासणे या कामांसाठी तीन वेगळ्या आज्ञावल्या करण्यात आल्या.

सद्यःस्थिती : द्रव-स्फटिक पडदे आल्यावर पडद्याच्या झिजेचे कारण बहुतांशी उरले नाही आणि वीज वाचविण्यासाठी पडदा बंद करणे अधिक सोयीचे ठरले. सेंद्रिय प्रकाशी डायोडांच्या पडद्यांत मात्र स्थिर चित्राची छाया उमटण्याचा दोष पुन्हा आढळतो. एक्सच्या जागी आलेल्या वेलँड या व्यवस्थेसाठी २०२२ मध्ये नवा कुलूप-संकेत तयार झाला. त्यानुसार कुलपाची आज्ञावली कोसळली तरी पडदा बंदच ठेवण्याची जबाबदारी मूळ व्यवस्थेवर असते. पडद्याच्या रक्षणासाठी निघालेल्या या साधनाचे महत्त्व आज पडद्यामागील मजकुराच्या रक्षणातच अधिक आहे.