मोहाची दारू आणि ताम्रपटातलं फूल

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक वाक्य लिहिलं होतं: 'वाशिममध्ये सोळाशे वर्षांपूर्वीही मोहाच्या फुलांवर राजाचा हक्क होता.' मार्गदर्शकांनी त्याखाली पेन्सिलीने एवढंच लिहिलं, 'मोह कुठे दिसला?' आज या प्रश्नाबद्दल बोलू. संशोधनाला सुरुवात कराल तेव्हा तो तुम्हालाही कुणीतरी विचारणारच आहे.

आधी मोहाबद्दल थोडं. मार्च-एप्रिलमध्ये त्याची मांसल, गोड फुलं रात्री गळतात. पहाटे ती वेचायची, उन्हात वाळवायची. टंचाईच्या दिवसांत हीच फुलं पोटाला आधार देतात. भिजवून आंबवली आणि भट्टीवर चढवून वाफ थंड केली, की दारू निघते.

आता माझी चूक. वाशिमचा ताम्रपट १९३९ साली उजेडात आला. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतल्या दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी तो दिला. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम. दान दिलेल्या गावाला कोणकोणत्या मागण्यांतून सूट आहे, याची त्यात यादी आहे. फुलं आणि दूध देण्यातूनही सूट आहे. मी 'फुलं' वाचलं आणि मनातला मोह त्यात घातला! ताम्रपटात झाडाचं नाव नाही. दारूशी त्या फुलांचा संबंधही सांगितलेला नाही. शिवाय ते गाव नांदीकड, म्हणजे नांदेडच्या बाजूचं. माझ्या वाक्यात राजा तेवढा खरा होता.

मग मोहाचं मद्य जुनं नाही का? आहे. चरकसंहितेत मधूकाच्या, म्हणजे मोहाच्या फुलांच्या आसवाचा उल्लेख आहे. पण ग्रंथात आहे म्हणून ते वाशिमला बनत होतं, असं ठरत नाही. एका ठिकाणचा पुरावा दुसऱ्या ठिकाणी चिकटवायचा नाही.

हीच चूक अलीकडच्या काळाबाबतही होते. मोहावरच्या लेखांत १८९२ चा मुंबईचा मोह कायदा हमखास येतो. पण तो ठाणे-कुलाबा भागातल्या फुलांवर बंधनं घालण्यासाठी होता. वाशिम तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतंच. ते वऱ्हाडात होतं. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार निजामाच्या वतीने इंग्रज पाहत होते आणि १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला गेला. १९०५ मध्ये वाशिम जिल्हा मोडला, तो पुन्हा झाला १९९८ मध्ये. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा इकडेही लागू झाला. म्हणून वाशिमचे कागद शोधताना आधी साल विचारा. सालाप्रमाणे दप्तर बदलतं.

आणि कागद सापडले तरी ते काय बोलतात? अबकारीच्या कागदांत मक्ता, महसूल आणि गुन्हे असतात. पहाटे फुलं वेचणारी बाई त्यांत आलीच, तर आरोपी म्हणून येते. तिने किती फुलं खायला ठेवली, किती विकली, हे विचारायची सरकारला गरजच नव्हती. दुष्काळाचे अहवाल, जंगलाच्या नोंदी आणि आज हयात असलेल्यांच्या आठवणी एकत्र ठेवल्या, तरच ती थोडीफार दिसते.

तुम्ही म्हणाल, एका वाक्याने असं काय बिघडतं? २०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहफुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची बंधनं उठवली. मध्य प्रदेशात मोहाची दारू आता 'हेरिटेज' म्हणून विकली जाते. उद्या एखाद्या बाटलीवर 'वाकाटककालीन परंपरा' असं छापायला माझं ते वाक्य पुरेसं होतं. राजाचं नाव लेबलवर झळकलं असतं, आणि जिच्या हाताने ही विद्या टिकली ती पुन्हा बाहेरच राहिली असती.

ते वाक्य मी खोडलं. पण तो कागद जपून ठेवलाय, पेन्सिलीच्या प्रश्नासकट.