शिलालेखाची साक्ष

राजकीय वादात ‘शिलालेखातच आहे’ म्हटले की पुरावा पुरा झाला असे मानतात. आम्ही विचारतो, कोरविले कोणी? नाशिकच्या पांडवलेण्यांतील गौतमीपुत्र सातकर्णीची प्रशस्ती त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी कोरविली. क्षहरातांच्या उच्छेदाचे तिचे विधान आम्ही स्वीकारतो. कारण १९०६ साली नाशिक जिल्ह्यातच जोगलटेंभीला क्षहरात नहपानाची १३ हजारांवर नाणी सापडली, आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटविला होता. त्याने वर्णसंकर थांबविला, हे विधान जातींच्या वादांत बिनदिक्कत पुढे केले जाते. पण त्याच घराण्यातील वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी शक महाक्षत्रपाची कन्या होती, असे मुंबईच्या कान्हेरी लेण्यांतील लेख सांगतो. लेख अस्सल असला, तरी त्यातले प्रत्येक विधान स्वतंत्रपणे तपासावे लागते.