पोटातली गाठ आणि कारखान्यातलं यंत्र



"बाळ चांगलं आहे, पण पिशवीत गाठही आहे." सोनोग्राफीत असं कळलं की घरातल्यांचं धाबं दणाणतं. कुणाला कॅन्सर वाटतो, कुणी म्हणतं, आता पिशवीच काढावी लागणार. आज याच गाठीची एक जुनी गोष्ट सांगते.

पूर्वी डॉक्टर हातानं पोट चाचपून अंदाज करायचे. दिवसांच्या मानानं पोट मोठं लागलं, तर जुळं आहे, पाणी जास्त आहे की गाठ आहे, हे नक्की कळत नसे.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात इयान डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात धातूतली चीर शोधायला आवाजाच्या लहरींचं यंत्र वापरतात, हे त्यांना कळलं. जुलै १९५५ मध्ये ते जवळच्या रेनफ्रू गावातल्या अशा कारखान्यात गेले. गाडीच्या डिकीत काय होतं, माहीत आहे? ऑपरेशन करून काढलेल्या बायकांच्या गाठी! काही गर्भाशयाच्या घट्ट गाठी, म्हणजे फायब्रॉइड, आणि काही अंडाशयाच्या पाणी भरलेल्या गाठी. यंत्रानं दोन्हींचे प्रतिध्वनी वेगवेगळे दाखवले.

पुढे एका बाईला पोटाचा कॅन्सर आहे, आता इलाज नाही, असं ठरलं होतं. यंत्रात दिसली ती पाण्याची गाठ. ती काढली आणि बाई बरी झाली. १९५८ मध्ये डोनाल्ड आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हे काम छापून प्रसिद्ध केलं. त्यात पोटातल्या बाळाची चित्रंही होती. आपली सोनोग्राफी इथूनच पुढे वाढली.

म्हणजे बायकांच्या गाठींनीच या यंत्राला ओळखायला शिकवलं. मग त्याच गाठीचं नाव ऐकून आपण गर्भगळीत का व्हावं?

फायब्रॉइड ही बहुतेक वेळा कॅन्सरची गाठ नसते. ती असूनही बऱ्याच जणींचं बाळंतपण सुखरूप होतं. काहींना मधल्या महिन्यांत पोटात जोराची कळ येते, काहींचं बाळ आडवं किंवा पायाळू राहतं, काहींना बाळंतपणानंतर रक्तस्राव जास्त होतो. गरोदरपणात ही गाठ सहसा काढत नाहीत, लक्ष ठेवतात. बाळंतपणानंतर पुष्कळदा ती आपोआप लहान होते.

म्हणून घाबरून निर्णय घेऊ नका. मुलगा की मुलगी हे सांगायला १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे. पण गाठ केवढी, कुठे, बाळाच्या वाटेत आहे का, हे विचारणं आपला हक्क आहे. रिपोर्ट जपून ठेवा, हिमोग्लोबिन तपासा आणि रक्ताची सोय असलेल्या दवाखान्यातच बाळंतपण ठरवा. जोराची कळ आली किंवा अंगावरून रक्त गेलं, तर सकाळची वाट पाहू नका.

गटातल्या एखादीला गाठ निघाली, तर पुढच्या तपासणीला तिच्यासोबत एकीनं तरी जा.