तंजावरात दोन दिवस
(नभोवाणीवरील भाषण)



काही गावे अशी असतात, की तेथे आपला जन्म झालेला नसतो, आपले कोणी आप्तही राहत नसतात; आणि तरीही रजेचे चार दिवस हाती आले, की पाय आपोआप तिकडे वळतात. माझ्या बाबतीत असे गाव म्हणजे तंजावर. बेळगावात मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. दोन भाषांच्या शेजारात राहणाऱ्या माणसाला आपल्या भाषेचे पुढे काय होणार, ही काळजी जन्मभर पुरते. तंजावरला गेल्याने ती काळजी मिटत नाही. पण ती कशी करावी, हे मात्र थोडेसे कळते. गेल्या नाताळच्या सुटीत मी तिसऱ्यांदा तेथे जाऊन आलो. मुक्काम अवघा दोन दिवसांचा.

तिरुचिरापल्लीहून सकाळच्या गाडीने निघालो. कावेरीच्या पाण्यावर पोसलेली भाताची शेते दोन्ही बाजूंना पसरली होती. गावात पाऊल टाकताच बृहदीश्वराचे शिखर दिसले. राजराज चोळाने हे देवालय इ. स. १०१० मध्ये पुरे केले. जवळजवळ साठ-पासष्ट मीटर उंचीचे ते पाषाणी विमान पाहताना माणूस आपसूक मुकाट होतो. परंतु मराठी प्रवाशाची खरी यात्रा पुढेच आहे. प्राकाराच्या भिंतीवर, नैर्ऋत्येच्या बाजूला, देवनागरी अक्षरांच्या ओळींमागून ओळी कोरलेल्या आहेत. हा भोसले घराण्याचा इतिहास. दुसऱ्या सरफोजी राजाच्या आज्ञेने १८०३ साली तो येथे कोरण्यात आला.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी इ. स. १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले, आणि १८५५ साली औरस पुत्र नाही या कारणावरून कंपनी सरकारने ते राज्य खालसा केले. सुमारे एकशेऐंशी वर्षांचा हा संसार. तथापि लेख कोरला गेला, तेव्हाच राज्य नावापुरते उरले होते. १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार इंग्रजांकडे गेला होता आणि राजाकडे किल्ला व नेमणूक एवढेच राहिले होते. सत्ता हातची गेल्यावर या राजाने आपल्या पूर्वजांची कथा दगडावर लिहवून घेतली, ही गोष्ट त्या भिंतीपुढे उभे राहिले म्हणजे मनाला लागते.

मी अडखळत एकेक ओळ मोठ्याने वाचीत होतो. शेजारी एक वृद्ध गृहस्थ नातीचा हात धरून उभे होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मास्तर, आपण वाचा. मी ऐकतो." मराठीच बोलत होते, हेल मात्र पुरा तमिळ. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे घराणे तंजावरात नांदले आहे. घरात मराठी बोलतात; पण लिहिणे-वाचणे सारे तमिळमध्ये. भोसल्यांचा हा लेख त्यांनी लहानपणापासून शेकडो वेळा पाहिला होता. वाचला एकदाही नव्हता. मग मी वाचीत गेलो आणि ते ऐकत गेले. एखादा जुना शब्द मला अडला, तर तो त्यांच्या घरच्या बोलीत सापडे! अर्धा तास आम्ही दोघांनी मिळून ती भिंत वाचली. एकट्याला ती कोणालाच वाचता आली नसती.

दुपारी राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात गेलो. नायक राजांच्या काळापासूनचा हा संग्रह सरफोजीने वाढविला. १८२० साली काशीयात्रेस निघालेला हा राजा परतताना पोथ्या घेऊन आला. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितांच्या शेजारी युरोपीय भाषांतील पुस्तके आहेत आणि त्यांवर राजाने इंग्रजीत केलेल्या सह्या आहेत. त्याच्या धन्वंतरी महालातील नेत्ररोग्यांच्या नोंदी चित्रांसह जपलेल्या आहेत. त्याने देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात 'बालबोध मुक्तावली' या नावाने इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. पुण्यामुंबईच्या मुलांच्या हाती छापील क्रमिक पुस्तके पडण्यापूर्वी हे घडले, आणि तेही कावेरीकाठी!

त्याआधीच्या शहाजी राजाचीही गोष्ट अशीच. १६८४ ते १७१२ या काळात राज्य करणाऱ्या या राजाने तेलुगूत लिहिले, मराठीत नाटके रचली, आणि 'पंचभाषाविलास' या नाटकात तर पाच भाषा एकाच रंगभूमीवर आणल्या. दरबारात तेलुगूचा मान मोठा, प्रजा तमिळ, आणि राजा मराठी. यात कोणाला कमीपणा वाटल्याचे दिसत नाही.

येथेच एका गोष्टीने माझी मान खाली गेली. तंजावरच्या राजदप्तरातील हजारो मोडी कागद शिल्लक आहेत. त्यांतील निवडक कागद वाचून, त्यांचा तमिळ अनुवाद करून ते १९८९ साली प्रसिद्ध केले कोणी? तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने. आमच्या आजोबा-पणजोबांची लिपी तमिळ विद्वान कष्टाने शिकले. आणि वीस वर्षे मराठीचा मास्तर म्हणविणाऱ्या मला ती ओळभरही वाचता येत नव्हती. भाषेवरचा अभिमान मी सभांतून पुष्कळ सांगितला होता. तिच्यासाठी संध्याकाळचा एक तास मात्र कधी खर्च केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवगंगा बागेतील १७७९ सालच्या चर्चमध्ये गेलो. देवळापासून ते अगदी जवळ. मी कॅथलिक, आणि हे चर्च बांधणारा ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा प्रशियातून आलेला ल्यूथरपंथी धर्मोपदेशक. पण तेथे गुडघे टेकताना मला परकेपणा वाटला नाही. १७८७ साली मरणोन्मुख तुळजाजी राजाने आपला दहा वर्षांचा दत्तक पुत्र सरफोजी या पाद्र्याच्या हवाली केला. पुढे चुलता अमरसिंग गादीवर बसला. मुलाचे हाल होत आहेत, त्याचे शिक्षण खुंटले आहे, असे पाहून श्वार्ट्झने त्याची बाजू घेतली आणि १७९३ मध्ये त्याला मद्रासेस हलविण्याची व्यवस्था झाली. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आला.

राजाने विलायतेतील शिल्पकार फ्लॅक्समन याच्याकडून गुरूचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. वृद्ध पाद्री शय्येवर आहे आणि तरुण राजा त्याचा हात हाती घेऊन उभा आहे. समाधीवरच्या इंग्रजी ओळी राजाने स्वतः रचल्या. हा शिष्य ख्रिस्ती झाला नाही. शेवटपर्यंत शिवभक्त राहिला आणि काशीला जाऊन आला. गुरूच्या स्मरणार्थ मात्र त्याने गरीब ख्रिस्ती मुलांच्या पालनाची तरतूद केली. इकडे गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने आमची भाषा आपलीशी करून १६१६ साली 'क्रिस्तपुराण' दिले. तिकडे मराठी राजाने परक्याच्या भाषेत आपले दुःख लिहिले. दोघांपैकी कोणाचेही स्वत्व त्यामुळे बुडाले नाही.

निघण्यापूर्वी त्या वृद्ध गृहस्थांकडे कॉफीला गेलो. त्यांनी नातीची वही पुढे केली आणि म्हणाले, "आमची अक्षरे हिला लिहून द्या." मी बालबोध मुळाक्षरे काढली. मुलीने ती न्याहाळली आणि न सांगता प्रत्येक अक्षराखाली तमिळ अक्षर लिहीत गेली. 'ख' आणि 'घ' यांपाशी ती थांबली. कारण तिच्या लिपीत त्यांना निराळी अक्षरे नाहीत. दोन्हींखाली तिने 'क'च लिहिला आणि हसली. तिच्याकडून मी त्या पानाची एक प्रत करून घेतली.

ती प्रत आता माझ्या टेबलावर आहे. तिच्याशेजारी मोडीचे पहिले पुस्तक आहे. दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी आणि वरच्या वर्गातील सात मुले ते गिरवीत बसतो. त्या सातांपैकी दोघे कानडी घरचे आहेत, आणि त्यांचे वळण माझ्याहून चांगले आहे.