बियाण्याची शेंग: अकोले तालुक्यातल्या परसबागेचा इतिहास

इतिहास म्हटलं की आपण किल्ले, लढाया आणि तह यांवरच बोलतो. आज मात्र मी वालाच्या वेलावर बोलणार आहे. हो, तोच वाल, ज्याला कुठे पावटा तर कुठे घेवडा म्हणतात. जांभळी किंवा पांढरी फुलं, मग चपट्या शेंगा. अमेरिकेत लोक हा वेल नुसत्या फुलांसाठी कुंपणावर चढवतात. आपल्याकडे तो मांडवावर चढतो आणि शेवटी आमटीत उतरतो.

आधी थोडं मागे जाऊ. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९५८ मध्ये ही जागा उजेडात आली. तिथल्या उत्खननात गहू, जव, मसूर, वाटाणा अशा पिकांचे अवशेष मिळाले, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचे. म्हणजे तेव्हाही दरवर्षी कोणीतरी काही दाणे न खाता बाजूला ठेवत होतं. दायमाबादचा ब्राँझचा रथ आज सगळ्यांना माहीत आहे. बियाणं राखणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही.

ही साखळी मोठ्या प्रमाणावर बदलली ती १९६० च्या दशकात. १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज महामंडळ आलं, १९६४ मध्ये जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली, १९६६ मध्ये बियाणे कायदा झाला आणि १९६८ मध्ये आपल्या राहुरीत कृषी विद्यापीठ उभं राहिलं. यात कोणी व्हिलन नाही. देशाला धान्य हवं होतं आणि संकरित वाणांनी उत्पादन वाढवलं. पण संकरित पिकाचं बी धरून पुन्हा पेरलं, तर पुढची झाडं एकसारखी येत नाहीत. म्हणून दरवर्षी नवं पाकीट घ्यावं लागतं. मडक्यातलं बियाणं दुकानात गेलं ते असं.

प्रवरेचा उगम ज्या अकोले तालुक्यात होतो, तिथल्या कोंभाळणे गावात राहीबाई पोपेरे यांनी उलटा रस्ता धरला. शाळेत कधी न गेलेल्या राहीबाईंनी देशी भाज्यांचं आणि धान्याचं बियाणं घरोघरी फिरून जमवलं. पुढे बायफ संस्थेची साथ मिळाली, बियाणे बँक उभी राहिली. २०१८ मध्ये बीबीसीच्या १०० महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं आणि २०२० साठी पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या संग्रहात वालाचेच कितीतरी वाण आहेत. त्यांची बँक चालते ती देवाणघेवाणीवर. बी न्यायचं, लावायचं आणि पीक आलं की परत आणून द्यायचं.

हे 'लावायचं' फार महत्त्वाचं. नॉर्वेतल्या स्वालबार्डला २००८ पासून जगभरातलं बियाणं उणे १८ अंशांत ठेवतात. आमच्या भाषेत तो बॅकअप. पण बॅकअप कधी रिस्टोअरच केला नाही, तर त्याचा उपयोग काय? परसात ठेवलेलं वालाचं बी काही वर्षांत उगवेनासं होतं. माझ्या आजीकडे जांभळ्या कडेच्या शेंगांचा वाल होता. आजी गेली, वेल कोणी लावला नाही आणि आज तो वाण आमच्या घरात नाही. असा इतिहास एका पिढीत पुसला जातो, कारण तो कागदावर नसतो, बायकांच्या हातात असतो.

मग बी कसं धरायचं? वाल पावसाच्या सुरुवातीला लावा. गावठी वाल दिवस लहान होऊ लागले की फुलतो, त्यामुळे श्रावणात फुलं नाहीत म्हणून वेल उपटू नका. सगळ्यात जोमदार, निरोगी वेल निवडा आणि त्यावरच्या काही चांगल्या शेंगांना दोरा बांधा, म्हणजे घरातलं कोणी भाजीला तोडणार नाही. शेंग वेलावरच वाळू द्या. हलवल्यावर आतून दाणे खुळखुळले की काढा. किडके, सुरकुतलेले दाणे वेगळे करा, बाकीचे नीट वाळवा आणि चाळलेल्या राखेत मिसळून मडक्यात बंद ठेवा.

वालाचं परागीकरण बहुतेक त्याच फुलात होतं, त्यामुळे वाण शुद्ध राखणं सोपं. दोडका, कारलं, भोपळा यांचं तसं नाही. त्यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात आणि मधमाशी काही वाण विचारून बसत नाही. शेजारी दुसऱ्या वाणाचा भोपळा असेल तर बियाण्यात भेसळ होणारच.

आणि हो, हा हक्क कायद्यानेही तुमचा आहे. २००१ च्या कायद्यानुसार शेतकरी आपलं बियाणं ठेवू, पेरू, वाटू, विकूही शकतो. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही.

या सुट्टीत गावी गेलात की आजीला, मावशीला विचारा, तुमच्याकडे कोणता वेल जुना आहे? त्याचं घरातलं नाव, फुलाचा रंग, बी कोणाकडून आलं, एवढं फोनमध्ये रेकॉर्ड करा. आणि पाच दाणे मागून आणा. बाल्कनीत कुंडी असली तरी चालेल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!